थॅकरे : एका इंग्रजी कुलनामाची व्युत्पत्ती आणि वाटचाल

नामसाम्य हे तौलनिक अभ्यासासमोरचे जुने प्रलोभन आहे. दोन भाषांत किंवा दोन समाजांत सारखे दिसणारे नाव आढळले की त्यामागे काही नाते असलेच पाहिजे, अशी समजूत करून घेण्याकडे आपला कल असतो. ते नाते सिद्ध झाले नाही की तेच साम्य निव्वळ योगायोग म्हणून बाजूला सारले जाते. या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. प्रस्तुत लेखात ज्या इंग्रजी कुलनामाचा मागोवा घ्यावयाचा आहे, ते 'थॅकरे' हे नाव या दृष्टीने फार बोलके आहे. 'व्हॅनिटी फेअर'चा कर्ता विल्यम मेकपीस थॅकरे याच्यामुळे ते साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. आणि ज्या रोमन अक्षरांत हा कादंबरीकार आपले नाव लिहीत असे, त्याच अक्षरांत महाराष्ट्रातील एक सुप्रसिद्ध ठाकरे घराणे आपले नाव लिहिते. मात्र नावाचा शब्दार्थ, ते धारण करणाऱ्या घराण्याचा वंश आणि त्याचे वर्णलेखन या तिहींचे इतिहास एक नसतात. ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी घडतात, आणि ते वेगळे ठेवले तरच नामसाम्याचा काही उपयोग होतो.

प्रथम इंग्रजी कुलनामांविषयी थोडे. १०६६ मधील नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये माणसाला सामान्यतः एकच नाव असे. वंशपरंपरेने चालणारी नावे प्रथम नॉर्मन सरदारांत रूढ झाली आणि तेथून खाली झिरपत गेली. १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदींत सरदारांच्या नावांपुढे गावांची नावे दिसतात. परंतु सामान्य शेतकऱ्याचे उपनाव त्याच्या मुलाकडे जाईलच अशी खात्री पुढची दोन-तीन शतके देता येत नाही. उत्तरेकडील परगण्यांत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, ही प्रक्रिया दक्षिणेपेक्षा उशिरा पूर्ण झाली. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षी बसविलेल्या डोईपट्टीच्या याद्या या संदर्भात बहुमोल ठरतात. त्यातही यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग विभागाच्या १३७९ च्या याद्या चांगल्या टिकून राहिल्या आहेत. राजाला कर हवा होता. त्या निमित्ताने खेडोपाडीच्या माणसांची नावे कागदावर उमटली. आपल्याकडे इनामाच्या आणि वतनाच्या कागदांनी जे काम केले, तेच तेथे करवसुलीने केले.

इंग्रजी कुलनामांचे स्थलवाचक, व्यवसायवाचक, पितृवाचक आणि गुणवाचक असे चार गट करण्याची प्रथा जुनी आहे. त्यांत यॉर्कशरचा कल स्थलवाचक नावांकडे असल्याचे दिसते. तेथील डोंगराळ भागात वस्ती विखुरलेली होती. एकेक वाडी, एकेक शेतघर स्वतंत्र नावाने ओळखले जाई, आणि तेथून बाहेर पडलेल्या माणसाला तेच नाव चिकटे. त्यामुळे तेथील कित्येक आडनावांचे उगमस्थान एखाद्या शहराइतके मोठे नसून एका वाडीइतके लहान असते. जॉर्ज रेडमंड्ज यांनी यॉर्कशरच्या नावांवर आयुष्यभर जे काम केले, त्याचा मुख्य धडा हाच आहे की केवळ कोशातील व्युत्पत्ती पुरेशी नाही, ते नाव ज्या मातीतून निघाले ती जागा आणि ते ज्या कागदांतून पुढे सरकले ते कागद, दोन्ही पाहिले पाहिजेत. मराठीतील 'कर' प्रत्ययान्त आडनावांची येथे सहज आठवण होते. फरक इतकाच की मराठीने स्थलसंबंध दाखविणारा प्रत्यय नावातच जपला, तर इंग्रजीने संबंधदर्शक 'डी' हे अव्यय काळाच्या ओघात गाळून टाकले. म्हणून 'पनवेलकर' ऐकताच पनवेल कळते, आणि 'थॅकरे' ऐकून इंग्रज माणसाला काहीच कळत नाही.

हे नाव यॉर्कशरमधील फ्यूस्टन आणि ग्रेट टिंबल या परिसरातील एका लहानशा जागेचे. त्यातील दोन्ही घटक प्राचीन नॉर्स भाषेतले आहेत. पहिला 'थक' म्हणजे छप्पर शाकारण्याचे गवत किंवा बोरू, दुसरा 'व्रा' म्हणजे कोपरा, आडोशाची जागा. शाकारणीचे गवत जेथे मिळते तो कोपरा, असा त्याचा सरळ अर्थ. नवव्या शतकात डेनिश सैन्याने यॉर्क जिंकले आणि त्यानंतर उत्तर इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियन वसाहतकारांची भाषा शेतीच्या व भूगोलाच्या शब्दांत खोल रुजली. हे स्थलनाम त्या थरातले आहे. दुसरा घटक 'रे' आणि 'रो' या स्वतंत्र इंग्रजी आडनावांतही आढळतो. पहिल्या घटकाची गंमत अशी की दक्षिणेकडच्या प्रमाण इंग्रजीत तोच शब्द 'थॅच' असा मृदू झाला, तर उत्तरेकडे 'थॅक' हे कठोर रूप टिकले. 'चर्च' आणि 'कर्क' या जोडीत जो भेद आहे, तोच येथे आहे. म्हणजे या आडनावातील 'क' हा त्याच्या उत्तरेकडील जन्माचा दाखलाच होय.

ती मूळ जागा आज पाहता येत नाही. लीड्स शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात जलाशय बांधले गेले आणि फ्यूस्टनच्या जलाशयाखाली ती बुडाली. कादंबरीकार थॅकरे १८६३ मध्ये निवर्तला. त्याच्या नावाची भूमी त्यानंतर काही वर्षांनी पाण्याखाली गेली. धरणग्रस्त गावांची नावे आडनावांतून तगून राहतात, याचा अनुभव आपल्याकडेही आहे.

व्युत्पत्तीच्या या धाग्याला आणखी एक टोक आहे. नॉर्स 'थक', इंग्रजी 'थॅच', आच्छादन या अर्थाचा डच-जर्मन शब्दसमूह आणि लॅटिनमधील 'टेगेरे' हे क्रियापद यांचे भारोपीय मूळ एकच मानले जाते. झाकणे, आच्छादणे हा त्याचा अर्थ. संस्कृतातील 'स्थग्' हा धातूही कोशकार सामान्यतः याच मुळाशी जोडतात. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित 'स्थगित' हे आपण सभा आणि न्यायालये यांच्या संदर्भात रोज वापरतो, आणि मूळचा झाकण्याचा अर्थ पार विसरलो आहोत. ही जोडणी मान्य केली तर थॅकरे या इंग्रजी नावाचा मराठीतील खरा भाषिक आप्त 'ठाकरे' हा नसून 'स्थगित' हा ठरतो. जेथे कानाला काहीच साम्य भासत नाही तेथे नाते आहे, आणि जेथे अक्षरन् अक्षर जुळते तेथे ते नाही.

वर्णलेखनाकडे वळू. या नावाची थॅक्रे, थॅक्रा, थॅकरा, थॅक्व्रे अशी अनेक रूपे नोंदली गेली. १५३८ पासून इंग्लंडमधील चर्चना जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले खरे. पण नोंद करणारा पाद्री कानाला जे ऐकू येई ते लिही, आणि नाव सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. एकाच माणसाचे नाव दोन नोंदींत दोन प्रकारे येणे यात कोणाला वावगे वाटत नसे. यॉर्कशरमध्ये मधला 'ई' नसलेले रूपच आजही अधिक आढळते. औद्योगिक कामगारांच्या आजारांचा पहिला पद्धतशीर इंग्रजी ग्रंथ १८३१ मध्ये लिहिणारे लीड्सचे वैद्य चार्ल्स टर्नर थॅक्रा आणि विसाव्या शतकातील लोकप्रिय गायक-गीतकार जेक थॅक्रे यांच्या नावांत ही रूपे दिसतात. कादंबरीकाराच्या घराण्याने स्वीकारलेले 'ई'युक्त रूप कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांमुळे जगभर प्रमाण झाले. साहित्यकीर्ती एखाद्या घराण्याचे वर्णलेखन कसे गोठवून टाकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. येथे आणखी एक गोष्ट नमूद करावयास हवी. इंग्रज वाचक कादंबरीकाराचे नाव साधारणतः 'थॅकरी' असे उच्चारतात. मराठीतील 'थॅकरे' हे रूप कानाने नव्हे, डोळ्यांनी घडविलेले आहे; त्यातील अन्त्य 'रे' रोमन अक्षरांवरून आला, आणि तो येताच नावाला मोरे, पानसरे यांच्या पंक्तीत बसणारा मराठमोळा घाट मिळाला.

कादंबरीकाराचे पूर्वज यॉर्कशरमधील हॅम्प्स्थवेट गावचे शेतकरी होते. त्यांच्यापैकी टॉमस थॅकरे हा शिक्षणाच्या बळावर वर चढला. १७४६ ते १७६० या काळात तो हॅरो शाळेचा मुख्याध्यापक होता. गवताच्या कोपऱ्याचे नाव अशा रीतीने उच्चभ्रू शिक्षणसंस्थेच्या दाराशी आले. त्याचा एक पुत्र विल्यम मेकपीस १७६६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, सिल्हेटचा कलेक्टर झाला, हत्ती पकडून कंपनीला पुरविण्याच्या व्यापारात त्याने पैसा केला आणि दशकभरात तो मायदेशी परतला. (मेकपीस हे स्वतः एक इंग्रजी कुलनाम आहे, तंटा मिटविणाऱ्या माणसाला पडलेल्या टोपणनावातून ते निघाले.) पुढच्या पिढीत या कुटुंबाचा हिंदुस्थानशी असलेला संबंध जवळजवळ कौटुंबिक व्यवसाय बनला. थोरला विल्यम मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोच्या रयतवारी पद्धतीचा पुरस्कर्ता होता. रिचमंड बंगालच्या महसूल खात्यात होता. विल्यम विल्सन हंटर यांनी १८९७ मध्ये या कुटुंबाच्या हिंदुस्थानातील कारकिर्दीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्या पुस्तकाचा सूर कौतुकाचा आहे, आणि आजच्या अभ्यासकाने ते तसेच समजून वाचले पाहिजे.

याच भावंडांपैकी सेंट जॉन थॅकरे हा धारवाडला कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट होता. कित्तूरच्या देसाईंच्या मृत्यूनंतर तेथील दत्तविधान कंपनीने मान्य केले नाही, थॅकरे सैन्य घेऊन कित्तूरच्या किल्ल्यावर चालून गेला आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी राणी चन्नम्माच्या सैन्याशी झालेल्या लढाईत मारला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने कित्तूर जिंकले; पण पहिल्या विजयाची आठवण कन्नड लोकगीतांनी, नाटकांनी आणि १९६१ च्या 'कित्तूर चन्नम्मा' या चित्रपटाने जिवंत ठेवली. कन्नडमध्ये 'थ्याकरे' हे नाव उद्दाम परकी सत्तेचे नाव आहे. ज्या कुलनामामुळे इंग्रजी विभागातील विद्यार्थ्याला एक उपरोधकुशल कादंबरीकार आठवतो, त्याच कुलनामाने बेळगाव-धारवाडकडच्या श्रोत्याला किल्ल्याच्या दारात पडलेला अधिकारी आठवतो. कादंबरीकार आणि तो अधिकारी यांचे नाते पुतण्या-चुलत्याचे होते, हे मात्र दोन्ही परंपरांत क्वचितच सांगितले जाते. तौलनिक साहित्याभ्यासात कन्नड आणि इंग्रजी ही दालने शेजारी असूनही त्यांच्यामधली ही भिंत इतकी काळ टिकली, याचे आश्चर्य वाटते.

रिचमंडचा मुलगा विल्यम मेकपीस थॅकरे १८ जुलै १८११ रोजी कलकत्त्यात जन्मला. १८१५ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षाअखेरीस मुलाला इंग्लंडला धाडण्यात आले. हिंदुस्थानात तो पुन्हा आला नाही. पण त्याच्या लेखनात हिंदुस्थान नावांच्या रूपाने सतत डोकावतो. 'व्हॅनिटी फेअर'मधील जॉस सेडली 'बॉगली वाला' नावाच्या कपोलकल्पित जिल्ह्याचा कलेक्टर आहे. 'द न्यूकम्स'मध्ये रम्मन लाल नावाचा धनाढ्य हिंदी व्यापारी लंडनच्या दिवाणखान्यांत वावरतो आणि त्याच्या नावाशी निगडित बुंदेलखंड बँकेच्या बुडीत कारभारात कर्नल न्यूकमची संपत्ती लयाला जाते. होळकरांशी झालेल्या इंग्रजांच्या युद्धाची पार्श्वभूमी असलेल्या मेजर गहागनच्या बढाईखोर साहसकथेत (१८३८-३९) शत्रूकडील एका सेनानीचे नाव 'बॉबची बहादूर' आहे. अँग्लो-इंडियन बोलीत 'बॉबची' म्हणजे बावर्ची, स्वयंपाकी. हिंदुस्थानातील साहेबांच्या स्वयंपाकघरातून उचललेला शब्द सेनापतीला नाव म्हणून देण्यात आला आहे. ही थट्टा एका बाजूला बढाईखोर गोऱ्या अधिकाऱ्याच्या अज्ञानाची आहे. दुसऱ्या बाजूला ज्यांची थट्टा चालली आहे त्यांना स्वतःचे खरे नाव मिळतच नाही, हेही तितकेच खरे. पहिल्या बाजूचे श्रेय देताना दुसरी नजरेआड करणे आज शक्य नाही.

इंग्रजी नावांच्या बाबतीत मात्र थॅकरेची नजर अतिशय सूक्ष्म आहे, आणि तिचा रोख कुलाभिमानावर आहे. 'व्हॅनिटी फेअर'मधील क्रॉली घराण्यातील पुरुषांची नावे त्या त्या काळी सत्तेत असलेल्या बड्या माणसांवरून ठेवलेली आहेत: वॉलपोल, पिट, ब्यूट, रॉडन. एका घराण्याची वंशावळ वाचता वाचता त्याच्या लाचार निष्ठांची यादीच वाचकाच्या हाती येते. 'बॅरी लिंडन'चा नायक लग्नातून पत्नीचे कुलनाम मिळवतो आणि त्याबरोबर मालमत्ताही. 'हेन्री एस्मंड'मध्ये नायक वैध वारस असूनही तो हक्क स्वेच्छेने सोडून देतो. आणि 'द न्यूकम्स'मधील कुटुंब आपली वंशावळ एडवर्ड द कन्फेसर या राजाच्या न्हाव्यापर्यंत नेते, जेव्हा वास्तवात घराण्याचा पाया एका विणकराने लंडनला येऊन घातला आहे. 'न्यूकम' या आडनावाचा मूळ अर्थच 'नवा आलेला', उपरा. वाचकाला ते कळते. आडनाव मिरविणाऱ्या पात्रांना कळत नाही. स्वतःचे कुलनाम तीन पिढ्यांत शेतघरातून हॅरोला आणि हॅरोहून कलकत्त्याला पोहोचलेले असताना थॅकरेने कुलाभिमानाची ही चिरफाड करावी, यात मला त्याच्या लेखनाचे खरे धैर्य दिसते. त्याच्या कादंबरीलेखनावरील मराठी विवेचनात या नामविनोदाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

आता मराठी ठाकरे. 'ठाकरे' हे आडनाव महाराष्ट्रातील अनेक जातींत व प्रदेशांत आढळते, आणि त्यांपैकी बहुसंख्य कुटुंबे ते रोमन लिपीत साध्या लिप्यंतराने लिहितात. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (१८८५-१९७३) यांच्या घराण्याने मात्र टी-एच-ए-सी-के-ई-आर-ए-वाय हे इंग्रजी वर्णलेखन स्वीकारले. इंग्रजी कादंबरीकाराविषयीच्या आदरातून प्रबोधनकारांनी तसे केले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार सांगितले जाते. या घराण्याच्या परंपरेनुसार पूर्वजांचे नाव धोडप किल्ल्यावरून धोडपकर असे पडले, पुढे पनवेलच्या वास्तव्यामुळे पनवेलकर झाले, आणि मुलाला शाळेत घालताना वडिलांनी 'ठाकरे' हे जुने कुलनाम पुन्हा धारण केले. हा क्रम यॉर्कशरच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. तेथे स्थलनाम एकदा चिकटले आणि माणसे कुठेही गेली तरी सुटले नाही. येथे वस्ती बदलली की नाव बदलत राहिले, आणि अखेर शाळेच्या दाखल्याने ते स्थिर केले. त्या घराण्याचे पुढील सार्वजनिक जीवन प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

'ठाकरे'चा संबंध ठाकर-ठाकूर या शब्दकुलाशी दिसतो. 'ठक्कुर' हा शब्द कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त लहान सरदारांसाठी योजलेला आढळतो. याच कुलातील बंगाली 'ठाकुर'चे इंग्रजीत 'टागोर' झाले. एकाच शब्दकुलाने बंगालमध्ये इंग्रजांच्या कानाला मानवेल असे नवे रूप घेतले आणि महाराष्ट्रात इंग्रजीतच आधीपासून अस्तित्वात असलेले एक आयते रूप पांघरले. पहिल्यात परकी जिभेने देशी नाव वळविले आहे, दुसऱ्यात देशी वाचकाने परकी ग्रंथावरून नाव निवडले आहे. पहिली वसाहतकाळातील सर्वसामान्य घटना म्हणता येईल. दुसरी मात्र साहित्याच्या ग्रहणाची घटना आहे, आणि ती तशीच अभ्यासली पाहिजे. प्रभावाचा शोध आपण कथानकांत, वृत्तांत आणि वाङ्मयप्रकारांत घेतो. एखाद्या लेखकाचा प्रभाव वाचकाच्या सहीत उतरू शकतो, ही शक्यता आपल्या पद्धतीत सहसा धरलेली नसते.

हे शक्य झाले ते रोमन लिपीच्या तोकडेपणामुळे. जीभ दातांत घेऊन उच्चारला जाणारा इंग्रजी घर्षक ध्वनी, मराठीतील दंत्य 'थ' आणि मूर्धन्य 'ठ' हे तीन भिन्न ध्वनी रोमन लिपीत 'टी-एच' या एकाच जोडीने दाखविले जातात. त्यामुळे इंग्रज वाचक मराठी ठाकरे घर्षक ध्वनीने वाचतो, आणि मराठी वाचक इंग्रज कादंबरीकाराला 'थ' देऊन मोकळा होतो. ग्रंथालयाच्या रोमन सूचीत विल्यम मेकपीस आणि केशव सीताराम एकाच कुलनामाखाली अगदी जवळजवळ येतात. मराठी सूचीत त्यांच्यामध्ये ड, ढ, ण आणि त या चार वर्णांचे लेखक बसलेले असतात.